समझोता झाला, पण पोरीची शाळा गेली

वाचकहो, आमचे अक्षर बरे आहे. ऑफिसात आवक-जावक लिहून लिहून ते तसे झाले. त्यामुळे वस्तीत कुणाचे भांडण मिटले, की कागद लिहायला आम्हाला बोलावणे येते. असाच एक कागद आम्ही २०१४ साली दिवाळीच्या सुमारास लिहिला. शंभर रुपयांचा मुद्रांक होता. ‘यापुढे मी माझ्या पत्नीस मारहाण करणार नाही, दारू पिणार नाही, तिला व लेकरांना नीट सांभाळीन, असे पंचांसमक्ष लिहून देतो.’ खाली नवऱ्याची सही, बायकोचा अंगठा आणि चार पंचांच्या सह्या. चहा झाला. सगळ्यांना बरे वाटले. एक संसार वाचवला म्हणून आम्हीही त्या रात्री समाधानाने झोपलो.

त्या बैठकीत कोपऱ्यात एक पोरगी बसली होती. आठवीत होती. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन सगळे ऐकत होती. आई मार खाऊन माहेरी गेली, तेव्हा ही दोन्ही लेकरे आईबरोबर आजोळी गेली. तिथे दीड महिना राहिली. आजोळच्या शाळेत नाव घालायला गेले, तर ‘आधी दाखला आणा’ म्हणून परत पाठवले. दाखला आणायला बापाच्या गावी जायचे कुणी? म्हणजे दीड महिना शाळा नाही. समझोता होऊन ती परत आली, तोवर सहामाही परीक्षा होऊन गेली होती. आमच्या कागदात दारूचा उल्लेख होता, मारहाणीचा होता, माहेरहून आणलेल्या भांड्यांचासुद्धा होता. पोरीच्या शाळेचा एक शब्द नव्हता. तो आम्हाला सुचलाच नाही.

दोन महिन्यांत पुन्हा तेच झाले. या वेळी आईचा हात मोडला. भाकरी थापायला पोरगी घरी राहिली, ती राहिलीच. सोळाव्या वर्षी तिचे लग्न लागले. आणि खरे सांगायचे तर त्या लग्नाच्या पंगतीत आम्हीही जेवलो.

नवरा-बायकोचे भांडण म्हणजे दोघांचा मामला, असे आपण धरून चालतो. बैठकीला दोघांनाच बसवतो, दोघांनाच समजावतो. त्या घरात तिसरे, चौथे, पाचवे माणूस असते आणि ते पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात असते, हे आपल्या हिशेबातच नसते. आज त्याचा हिशेब मांडायचा आहे.

मार आईला, वळ वहीवर

रविवारी आम्ही आणि दोन शिक्षक मित्र विहारात मुलांचा अभ्यास घेतो. पाचवीतला एक मुलगा नेहमी दाराजवळ बसायचा. नाव पुकारले की दचकायचा. गणिताला बसला की पेंगायचा. एकदा त्याला जवळ घेऊन विचारले, “रात्री झोपत नाहीस का रे?” तो म्हणाला, “पप्पा येईस्तोवर जागा असतो, सर.” आम्हाला वाटले, लेकराला बापाची ओढ आहे. पुढे कळले ते वेगळेच. त्याचे कान बापाच्या पावलांकडे असतात. पाऊल वाकडे पडले, की हा धाकट्या बहिणीला उचलून शेजारच्या मावशीकडे नेऊन निजवतो, मग परत येऊन आईजवळ बसतो. झोपायला त्याला मध्यरात्र होते. सकाळी शाळेत तेराचा पाढा येत नाही. पोरगं मठ्ठ आहे, असा शेरा पडतो. दहा वर्षांचे लेकरू रात्रभर पहारा देते आणि सकाळी आपण त्याला पाढा म्हणायला लावतो!

आम्ही कारकून आहोत, म्हणून आणखी एक सांगतो. शाळेचा हजेरीपट नीट वाचला, तर त्यात घर दिसते. एका मुलीची गैरहजेरी आमच्या शिक्षक मित्राने सहज तपासली. महिन्यातून चार दिवस, आणि चारही वेळा आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. बाजारादिवशी मजुरीचा हिशेब मिळतो, त्या रात्री घरात मारहाण होते आणि दुसऱ्या दिवशी आई उठू शकत नाही म्हणून लेक घरी राहते. वर्षभर त्या पटावर लाल शाईचे शून्य पडत होते. आठवड्याचा तोच दिवस का, असे कुणी विचारले नाही.

काही मुले गप्प होतात. काही उलटी होतात, वर्गात मारामारी करतात, लहान्यांचे डबे हिसकतात. तो घरी शिकलेला धडाच गिरवत असतो. ज्याच्या अंगात जोर तो खरा, हा धडा. मुली घरकामाला जुंपल्या जातात. आईच्या वाट्याचे काम लेकीच्या अंगावर येते आणि सातवी-आठवीत शाळा सुटते. मुलगे घरात थांबायला नको म्हणून हॉटेलात, गॅरेजवर, वीटभट्टीवर जातात. हाती चार पैसे आले की शाळा मागे पडते. दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री बापाने पुस्तके चुलीत घातल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि हे दोन-चार घरांपुरते आहे, असेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांना विचारले गेले, तेव्हा साधारण चारपैकी एकीने नवऱ्याकडून मारहाण किंवा अत्याचार झाल्याचे सांगितले. ज्यांनी सांगितले नाही त्या वेगळ्या. यात सगळ्या जातीधर्मांच्या, बंगल्यातल्या आणि झोपडीतल्या बायका आहेत. पण बंगल्यातल्या लेकराला अभ्यासाला दुसरी खोली असते. आपल्या लेकराला एकच खोली असते, आणि मारहाण त्याच खोलीत होते.

कोयता आणि उचल

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दरवर्षी दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागताना परत येतात. तोडीला एकटा माणूस धरत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, ती फेडायची दोघांच्या कष्टाने. अशा बाईने मार खाऊन माहेरी जायचे म्हटले, तरी जाता येत नाही. ती गेली तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते. मग ती कोपीतच राहते आणि लेकरे ते पाहत राहतात.

लेकरांना गावी ठेवावे म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ती चालते. ज्यांच्या गावात वसतिगृह सुरू होत नाही, त्यांनी हंगामाआधीच मुख्याध्यापकांकडे मागणी लेखी द्यावी. तोंडी मागणी कागदावर येत नाही आणि कागदावर नाही ते ऑफिसात नसतेच, हे आमच्याकडून लिहून घ्या.

आपण गप्प का बसतो?

कुणी म्हणेल, हे सगळे दारूमुळे होते. दारू वाईटच. पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी म्हणतो आणि किती घरांत पाळतो, ते ज्याचे त्याला ठाऊक. पण दारूच्या नावाने सगळे पाप धुऊन टाकू नये. प्यालेला माणूस मुकादमाला मारत नाही, सावकाराला मारत नाही, पोलिसाला तर नाहीच नाही. तो घरी येऊन बायकोलाच मारतो. म्हणजे कुणाला मारलेले चालते, हे त्याला नशेतही बरोबर कळते. आणि न पिता मारणारेही आपल्यात आहेत. पहिले शील कोणाचीही हिंसा न करण्याचे आहे. त्यात बायको येत नाही, असे कुठे लिहिले आहे काय?

दुसरे कारण अब्रूचे. गावात बाहेर पडले तर लोक म्हणतील, बघा यांच्या वस्तीत काय चालते. म्हणून आपण झाकून ठेवतो. आधीच गावकीत आपल्याला चार बोटे दाखवणारे आहेत, त्यांच्या हाती कोलीत द्यायचे नाही, ही भावना आम्हाला कळते. पण त्या अब्रूची किंमत कोण भरतो? ती बाई भरते आणि तिची लेकरे भरतात. बाहेरच्या अन्यायावर मोर्चा काढायचा आणि घरातल्या अन्यायावर पडदा टाकायचा, हे फार काळ चालणार नाही. लेकरे मोठी झाल्यावर दोन्हींचा जाब विचारतात.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांपुढे बोलताना दारू पिणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, असे बजावले होते. मुलांना आणि मुलींनाही शाळेत घाला, हे त्याच भाषणात सांगितले. दारू आणि शाळा या दोन गोष्टी त्यांनी एकाच बैठकीत बायकांपुढे ठेवल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये, असे सांगितले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी आपल्या कसबे तडवळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम गावातल्या शाळेत होता. आपल्या जिल्ह्यात त्यांची आठवण जपणारी जागा म्हणून आपण जिथे जातो, ती एक शाळा आहे. आपण तिथे जाऊन वंदन करतो आणि घरी येऊन पोरीची शाळा मोडतो, हे कसे?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. १९८६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. आपल्याच वस्तीत सुनांना कसे मारत, पळून गेलेल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा कसा घालत, हे त्यांनी लपवून न ठेवता लिहिले. पण ते लिखाण त्यांना वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवावे लागले. आपल्याच माणसांचे दोष लिहिले म्हणून समाजाची अब्रू गेली काय? उलट ते पुस्तक आज जगभर वाचले जाते. आणि त्याच बेबीताईंनी निंबुऱ्याला वंचित लेकरांसाठी आश्रमशाळा चालवली. मारहाणीबद्दल उघड बोलायचे आणि लेकरांची शाळा चालवायची, ही दोन्ही कामे एकाच बाईने केली.

आता काय करायचे?

आमच्या त्या २०१४ च्या कागदात चूक काय होती, ते आम्हाला पुढे कळले. मुद्रांकावर लिहिलेला समझोता नवऱ्याने मोडला, तर त्याचे फारसे काही होत नाही. बायकोने पुन्हा पंचांकडे यायचे, पंचांनी पुन्हा चहा प्यायचा, एवढेच. याउलट कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. म्हणजे आम्ही तो कागद लिहिला, तेव्हा कायद्याला आठ वर्षे होऊन गेली होती. या कायद्याने न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. मारहाण करू नये, घराबाहेर काढू नये, बायको-लेकरांचा खर्च द्यावा, लेकरांचा ताबा तात्पुरता आईकडे द्यावा, असे आदेश त्यात मिळतात. मुलासाठी संरक्षण मागितले असेल, तर त्याच्या शाळेत शिरायलाही मारणाऱ्याला मनाई करता येते. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाई माहेरी राहत असेल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो, नवऱ्याच्या गावी जावे लागत नाही.

अर्ज कसा करायचा, हे महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी सांगतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या माणसांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. रात्री-अपरात्री पोलिसांसाठी ११२, बायकांसाठी १८१ आणि लेकरांसाठी १०९८ हे फोन आहेत. आणि एक महत्त्वाची गोष्ट. हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतो. शेजारी देऊ शकतो, शिक्षक देऊ शकतो. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. म्हणजे ‘आपल्याला काय करायचे’ हे वाक्य आता चालणार नाही.

शाळेचे म्हणाल, तर शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराचे नाव वर्षात केव्हाही, जवळच्या सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल करून घ्यावे लागते. दाखला उशिरा आला, या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. त्या आठवीतल्या पोरीला आजोळच्या शाळेत बसवता आले असते. आम्हाला ते माहीत नव्हते. कागदांत जन्म गेलेल्या माणसाला माहीत नव्हते, ही आमची लाज आहे.

आणखी एक कागद आपल्या लेकरांसाठी फार मोलाचा, तो म्हणजे जातीचा दाखला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, निवासी शाळा सगळे त्यावर चालते. पुरावा मात्र बापाकडच्या घराण्याचा लागतो, तोही १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा. आई घर सोडून निघते, तेव्हा कागद बापाच्या पेटीत राहतात आणि बाप ते देत नाही. कित्येक लेकरे इथे अडकतात. यावर आमचे सांगणे असे, की भांडण नसतानाच बायकांनी लेकरांचे जन्माचे दाखले, आधार, रेशनकार्ड, पासबुक, नवऱ्याचा आणि सासऱ्याचा शाळेचा दाखला यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून विश्वासाच्या माणसाकडे ठेवाव्यात. त्याही नसतील, तर सासरा किंवा चुलत सासरा ज्या शाळेत शिकला, तिथे अर्ज करून प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मागावा. यासाठी आमच्यासारख्या लिहित्या हातांनी बसून अर्ज करून द्यावेत. हे समाजकार्यच आहे.

ज्या आईला एकटीने लेकरे सांभाळायची वेळ आली, तिने जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करावी. मोठ्या लेकरांसाठी समाजकल्याणची वसतिगृहे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेत. घरात रात्र धड जात नसेल, तर निवासी शाळेत नाव घालणे म्हणजे लेकराला दूर लोटणे नव्हे.

आता वस्तीने करायचे काम. विहार संध्याकाळी सात ते नऊ उघडे ठेवा. दिवा, सतरंजी आणि लक्ष ठेवायला एक वडीलधारे माणूस, एवढे पुरे. पुस्तके तिथेच ठेवायला एक कपाट द्या, म्हणजे ती चुलीत जाणार नाहीत. परीक्षेच्या दिवसांत अशा घरातल्या लेकरांना शेजारच्या दोन घरांनी झोपायला न्यावे. बैठक बसवायचीच असेल, तर त्यात निम्म्या बाया असाव्यात आणि पहिला प्रश्न ‘लेकरांच्या शाळेचे काय?’ हा असावा. ज्या बाईला परत जायचे नाही, तिला समजावून परत पाठवू नये. शिक्षकांनी ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारण्याआधी एकदा घरी जावे. आणि पुरुषांनो, घरातल्या रागाच्या रात्रीचा गुण लेकराच्या प्रगतिपुस्तकात उतरतो, हे ध्यानात ठेवा. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी नवऱ्याचे पहिले कर्तव्य सांगितले, ते बायकोचा मान राखण्याचे. आईबापांच्या कर्तव्यांत लेकरांना विद्या-कला शिकवणे सांगितले. पहिले मोडले, की दुसरे आपोआप मोडते.

शेवटी त्या पोरीचे सांगतो. ती आता पंचविशीत आहे. तिला एक मुलगी आहे, बालवाडीत जाते. गेल्या वर्षी ती आमच्याकडे आली. ‘जयभीम भाऊ’ म्हणाली. आम्ही खुर्ची दिली, ती उभीच राहिली. म्हणाली, “भाऊ, तुमचं अक्षर चांगलंय म्हणत्यात. सतरा नंबरचा फॉर्म भरून देता का? मला दहावीला बसायचंय.” शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसण्यासाठी बोर्डाचा तो अर्ज असतो. हल्ली तो ऑनलाइन भरतात, अक्षराचे काही काम नसते. आम्ही ते तिला सांगितले नाही. तिचा जुना दाखला हरवला होता. दुय्यम प्रतीसाठी शाळेला अर्ज लिहिला, सोबतचे प्रतिज्ञापत्र लिहिले, सगळे हाताने. पुन्हा मुद्रांक, पुन्हा आमचेच अक्षर. त्या जुन्या बैठकीचा विषय तिने काढला नाही. आम्हीच काढला आणि आमची चूक झाली असे म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तवा मला कुणी इचारलंच नव्हतं, भाऊ. फॉर्म नीट भरा म्हंजे झालं.”

पुढच्या बैठकीला तुम्हाला पंच म्हणून बोलावतील, तेव्हा कोपऱ्यात कोण बसले आहे ते आधी बघा. त्याला जवळ बोलवा, कितवीत आहेस ते विचारा. कागद नंतर लिहा.

जयभीम!